शेजारणीचे कपडे

सौदीत भाड्याने घर मिळवायला दोनच गोष्टी लागायच्या. नवऱ्याचा इकामा आणि बायको. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो नसला तर पोलीस धरायचे, आणि बायको नसली तर घरमालक जिन्याची पायरीसुद्धा चढू द्यायचा नाही. एकट्या पुरुषाला फॅमिलीच्या बिल्डिंगमध्ये जागा नाही, हा तिथला कायदाच म्हणा. खाली मालकाच्या घरातल्या बायका राहतात, जिना एक, गच्ची एक. मग परका एकटा माणूस वर कसा ठेवणार? मला तेव्हाही ते चूक वाटलं नाही. आमच्या गावात तरी कुणी ठेवला असता?

त्या पूर्वेच्या मुलखात आम्ही तीन घरं केली. पहिलं हुफूफला, जाड मातीच्या भिंतींचं. पाणी बक्कळ, पण आपलं माणूस एक नाही. दुसरं कतीफला, खजुराच्या बागेला लागून. तिथे डास एवढे की पोरीचं अंग सुजायचं. ह्यांना दम्मामच्या बंदरावर फोर्कलिफ्टचं काम लागलं तेव्हा तिसरं घर घेतलं. दोन खोल्या, वर गच्ची. घर म्हणजे नुसत्या भिंतीच हो. आधीचा भाडेकरू बल्बसुद्धा काढून घेऊन गेलेला, आणि एसीच्या जागी भिंतीत चौकोनी भोक. हळूहळू सगळं भरलं. पोर इंडियन शाळेत जायला लागली, माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. मी चौथी शिकलेली, तिची वह्या-पुस्तकं नुसती पुसून ठेवायची.

समोरच्या दारात पुण्याचं एक कुटुंब होतं. भाऊ इंजिनीअर. त्यांचं काम जुबैलला, कारखान्यात. जुबैलला कंपनीच्या खोल्या होत्या पण त्या एकट्या पुरुषांच्या, म्हणून पोरांच्या शाळेसाठी घर दम्मामला केलेलं. शनिवारी पहाटे जायचे, बुधवारी संध्याकाळी यायचे, तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. घरी वहिनी आणि दोन पोरं. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान, त्या पुण्याच्या ब्राह्मण. पण दोघींची भाषा एक, मग काय. दुपारी मी त्यांच्याकडे नाहीतर त्या माझ्याकडे. माझं बोलणं ऐकून हसायच्या. "भाभी, तुम्ही भांडताय की सांगताय?" असं विचारायच्या. मी म्हणायचे, तुमच्यासारखं तोलून बोलायला वेळ कुणाला आहे.

इराकवाल्याने कुवेत घेतलं आणि सगळं फिरलं. कुवेतची माणसं गाड्या भरभरून आली. रिकामं घर म्हणून राहिलं नाही. आमच्या मालकाचेच चुलते की मावसे कुणीतरी आले होते, पलीकडच्या गल्लीत एका खोलीत नऊ जण. मालक तेव्हापासून जिन्यात भेटला की वर बघायचा, आमच्या दारांकडे.

थंडीत इंडियन फॅमिल्या घरी पाठवायला सुरुवात झाली. डिसेंबरात वहिनी गेल्या पोरांना घेऊन. जायच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, भाभी, एक मागू का. मला वाटलं फ्रीज सांभाळायला सांगतील. त्या म्हणाल्या, माझे कपडे गच्चीवर वाळत घालत जा. आधी मला कळलंच नाही. मग कळलं. घरात बायको नाही हे मालकाला कळलं की भाऊंना घर सोडावं लागणार. एकदा सुटलं की कुवेतवाले येणार, मग लढाई संपली तरी घर मिळायचं नाही. आणि घर नाही तर वहिनी परत येणार कशा, पोरं शाळेत जाणार कशी? दोन साड्या, परकर, एक गाऊन, पोरांचे फ्रॉक-शर्ट, असं पिशवीत भरून मला दिलं. किल्लीही दिली. दाराबाहेर तिच्या आणि पोरांच्या चपला तशाच ठेवल्या.

मी हो म्हटलं. का म्हटलं? मला स्वतःला तीच भीती होती. माझे दीर गावाहून पत्रं टाकत होते, पोरीला घेऊन ये, जिवाशी खेळू नको. मी गेले असते तर हे एकटे. एकटे म्हणजे घर गेलं. घर गेलं की बंदराच्या कॅम्पात, डॉकला लागून, जिथे अमेरिकनांची जहाजं उतरत होती. सगळे म्हणायचे पहिला बॉम्ब तिथेच पडणार. मी घरात होते म्हणून हे ड्युटी सुटली की बंदरापासून लांब येऊन झोपत होते. मी राहिले ती त्यासाठी. मला हिंमत होती म्हणून नाही.

जानेवारीत मालक बायकापोरांना घेऊन ताइफला निघाला. इकडचे सगळे सौदी पश्चिमेकडे पळत होते, मक्केला, ताइफला. त्याची म्हातारी आई मात्र गाडीत बसेना. मरायचं तर इथेच, म्हणाली. तो वर आला, दाराआडून मोडक्या हिंदीत ह्यांना सांगून गेला. माझी आई एकटी आहे. बिल्डिंगमध्ये बिनबायकोचा माणूस नको. ज्याची फॅमिली जाईल त्याचं घर त्याच दिवशी रिकामं, आणि जो लपवेल त्याचंही. हे आत आले तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाले, तू ते कपडे बंद कर. मी म्हटलं, आज बंद केले तर आजच कळेल की.

मग लढाई सुरू झाली. भोंगा कसा असतो ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पोटातून वर येतो तो आवाज. विषारी गॅस येणार म्हणून सगळ्यांनी एक खोली बंद केली होती. आम्ही आतली खोली घेतली. एसी काढला, भोकावर पत्रा, त्यावर प्लॅस्टिक, चारी बाजूंनी टेप. दाराखाली ओला टॉवेल. ह्यांना कंपनीकडून एक मास्क मिळाला होता. तिघांत एक. तो पोरीला लावायचा असं ठरलं, पण तो लावला की ती घाबरून काढून टाकायची. म्हणायची, अम्मी, इसमें साँस नहीं आती. मी तिला मांडीवर घेऊन बसायची, कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायची, आणि मध्येच विसरायची. लहानपणापासून पाठ असलेलं विसरायची. भोंगा, मग धाड, खिडक्या थरथरायच्या. मग सगळं शांत झालं की कान जास्तच भीती दाखवायचे.

आणि सकाळी उठून काय, तर वहिनीच्या साड्या भिजवायच्या.

हसू नका. रोज कपडे वाळत घालावे लागत. एकच साडी रोज दिसली तर म्हातारीला कळेल, म्हणून आज हिरवी, उद्या जांभळी. पोरांचे कपडे मोजून. भाऊंचे फक्त गुरुवारी-शुक्रवारी. दुपारी त्यांच्या घरात जाऊन नळ सोडायचा, पातेलं आपटायचं, रेडिओ लावायचा. संध्याकाळी दिवा. दोन घरं चालवत होते मी, एकात कुणी नव्हतं. कधी कधी त्या रिकाम्या घरात उभी असताना वाटायचं, आत्ता भोंगा झाला तर पोर तिकडे एकटी आहे. की मग पातेलं तसंच टाकून पळायची.

म्हातारी गच्चीवर यायची नाही. गुडघे गेलेले. पण तिच्या अंगणातून वर बघितलं की दोरी दिसायची. मी जिन्यात भेटले की बिन्ती म्हणायची, म्हणजे मुली. मी तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. माझं अरबी म्हणजे नमाजापुरतं आणि बाजारापुरतं, तिला चार शब्द हिंदी. एकदा तिने माझ्या हातात गरम खुबूस दिला, त्यांची रोटी, म्हणाली शेजारणीलाही दे, तिच्या पोरांना. तो खुबूस मी खाल्ला नाही, पोरीला दिला.

चूक मीच केली. जानेवारी संपत आला होता. मला वाटलं, कपडे पुरेनात, जास्त काहीतरी दिसलं पाहिजे. वहिनीच्या कपाटात पोरांचे युनिफॉर्म होते. पांढरे शर्ट, निळी पँट, निळा पिनाफोर. मी म्हटलं, युनिफॉर्म म्हणजे पोरं घरात असल्याचा पक्का पुरावा. चांगले धुतले, निळीत काढले, आणि दोरीच्या पुढच्या बाजूला, खालून नीट दिसतील असे घातले. स्वतःवरच खूश झाले. पोर बघत होती. ती म्हणाली, अम्मी, स्कूल तो कब से बंद है. मी ऐकलं आणि कामाला लागले. तिचं बोलणं डोक्यात शिरलंच नाही. शाळा तीन आठवडे बंद होती, आणि मी शाळेचे कपडे धुवून वाळत घातले होते. तेही दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कपडे काढायला वर गेले तर खाला गच्चीवर उभी. भिंतीला धरून, धापा टाकत. एवढे जिने ती कशी चढली देव जाणे. तिच्या हातात तो निळा पिनाफोर होता. कापड चिमटीत धरून बघत होती, जसं बाजारात बघतात.

"मदरसा बंद," ती म्हणाली, म्हणजे शाळा. "मग हे कोण घालतं?"

काहीतरी म्हणायला हवं होतं, पोर हट्ट करते घालायला, असं काहीही. सुचलंच नाही. तिने मग साडीला हात लावला, पदराची घडी उलगडून बघितली. धुवून धुवून कडक झालेली, महिनाभरात अंगावर एकदाही न पडलेली. बाईच्या हाताला ते कळतं. मालकाला वर्षभर कळलं नसतं.

तेवढ्यात भोंगा झाला. भर दिवसाउजेडी. आधी कधी त्या वेळेला झाला नव्हता. पोर खाली एकटी, आतल्या खोलीत खेळत होती. मी खालाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिचा हात भिंतीवर, गुडघे वाकलेले. तिला धरून उतरवायचं तर वेळ लागणार. मी पळाले. तिला तिथेच सोडून पळाले. घरात शिरले, पोरीला घेतलं, खोलीचं दार लावलं, टॉवेल सारला, टेप ओढली. टेप बोटालाच चिकटत होती.

मग जिन्यात तिची पावलं ऐकू आली. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. आमच्या दारापाशी आली. तिथे थांबली. तिने दार वाजवलं नाही. मी वाट बघत होते वाजवेल म्हणून. वाजवलं असतं तर उघडलं असतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पोर म्हणाली, बाहर दादी है. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

लांब कुठेतरी आवाज झाला, मग बराच वेळ काही नाही. सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा मी दार उघडलं. खाला समोरच्या दाराजवळ, वरच्या पायरीवर बसली होती. तिने आपल्या ओढणीने तोंड झाकलं होतं, गॅससाठी असेल. वहिनीच्या पोरांच्या चपलांपैकी एक तिने हातात घेतली होती आणि बोटाने त्यावरची धूळ पुसत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. मी हात धरून उतरवायला गेले तर तिने हात काढून घेतला आणि कठडा धरून एकटी उतरली.

त्या दिवशीच्या भीतीपुढे भोंग्याची भीती काही नव्हती. हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मालकाच्या आईला बाहेर ठेवून मी दार लावलं, हेही सांगितलं. हे खाटेवर बसले. म्हणाले, आता दोन्ही घरं गेली. मग म्हणाले, तू पोरीला घेऊन गावी जा, मी कॅम्पात राहतो. इतकं रडायला नको होतं मी, पण रडले. कॅम्प म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ती डॉकची जागा यायची. ह्यांच्यासोबतचे दोघं तिथेच राहत होते. सांगायचे, क्रेनच्या आवाजाने भोंगासुद्धा ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खालाने खालून हाक मारली. मी उतरले. पोरीला बरोबर घेतलं, आता तिला सोडायची माझी छाती नव्हती. खालाच्या बैठकीत गादीजवळ फोन ठेवलेला. रिसिव्हर काढून ठेवलेला होता. लाइनवर ताइफहून तिचा मुलगा होता, आमचा मालक. तो दर दोन दिवसांनी करायचा, ते मला माहीत होतं. आणि दरवेळी विचारायचा, वर फॅमिली आहे का दोन्हीकडे. आणि ती सांगायची, हो, दोरीवर कपडे दिसतात.

तिने रिसिव्हर माझ्या हातात दिला. अरबीत बोलली, पण हळू बोलली, मला कळावं म्हणून.

"माझ्या मुलाशी मी खोटं बोलणार नाही. आणि तुझी चहाडीही करणार नाही. तू बोल."

आणि बसली माझ्यासमोर, मांडीवर हात ठेवून.

मी रिसिव्हर कानाला लावला. तिकडून तो हॅलो हॅलो करत होता. माझा आवाज ऐकून थांबला. मग त्याचं ते अर्धं हिंदी, अर्धं अरबी.

"उख्ती, बाजूवाला घर में फॅमिली फी? मा फी?"

म्हणजे, बहिणी, आहे की नाही. एवढंच विचारलं. मी खालाकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही नाही. मी फी म्हटलं असतं तर ती गप्प राहिली असती, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. भाऊंचं घर वाचलं असतं. वहिनी परत आल्या असत्या. पण पुढे कधी कळलं तर? त्याने सांगून ठेवलं होतं, लपवणाऱ्याचंही घर जाईल. माझ्या डोळ्यापुढे कॅम्प आला.

"मा फी," मी म्हटलं. "दो महिना हुआ. इंडिया चले गये."

मग त्याने विचारलं,

"और तुम?"

"मैं है. बच्ची है. मैं नहीं जायेगी."

"झूठ क्यों किया?"

"डर लगा."

त्याने आईला द्या म्हटलं. त्यांचं भरभर बोलणं चाललं, मला त्यातलं काही लागलं नाही. फक्त बिन्ती हा शब्द एकदोनदा ऐकू आला. मी वाट बघत होते कधी ती सांगते, हिने मला बाहेर ठेवून दार लावलं. फोन ठेवून खालाने मला सांगितलं, बाजूच्याने जुम्म्यापर्यंत घर खाली करायचं. तू राहा. आणि भोंगा झाला की पोरीला घेऊन खाली ये, माझ्या खोलीला खिडकी नाही. मी विचारलं, कालचं सांगितलं का त्याला. ती म्हणाली, काल काय झालं? आणि उठून आत गेली. त्यानंतर तिने माझ्या हातात कधी खुबूस दिला नाही. भोंगा झाला की मी जायची, ती सरकून जागा द्यायची, तसबीहचे मणी ओढत बसायची. बोलणं तेवढ्यापुरतं.

भाऊ बुधवारी आले. ब्रीफकेस हातात, दाढी वाढलेली. दार उघडायच्या आत मी सांगून टाकलं, नंतर धीर झाला नसता. युनिफॉर्मचं सांगितलं. फोनचंही सांगितलं, की मीच सांगितलं मालकाला. त्यांनी किल्ली कुलुपात घातलेली तशीच धरून ठेवली.

"भाभी, मला आधी विचारायचं तरी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही, कसं विचारणार. तुम्ही तर फोनवर होता."

शुक्रवारी त्यांनी सामान हलवलं. एसी काढला, बल्ब काढले, गॅसची शेगडी दोन मित्र घेऊन गेले. कपाट आमच्या घरात ठेवलं. साड्या मी घडी करून पिशवीत दिल्या. युनिफॉर्मही दिले. ते बघून म्हणाले, हे राहू द्या, तिकडे वेगळ्या रंगाचे आहेत. म्हणजे पोरांना त्यांनी पुण्यात शाळेत घातलं होतं, आमच्याजवळ बोलले नव्हते. कदाचित त्यांनाही माहीत होतं की परत येणं कठीण आहे. कदाचित मला बरं वाटावं म्हणून बोलले. मी विचारलं नाही.

रविवारी कुवेतवाले आले, नऊ जण. त्यांच्यातल्या बाईने गच्चीवर निम्मी दोरी मागितली. मी दिली.

लढाई पुढे महिनाभरात संपली. मग आभाळ काळं झालं, तिकडे तेलाच्या विहिरी जळत होत्या, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. त्या बंदराच्या कॅम्पवर शेवटपर्यंत काही पडलं नाही. हे आम्हाला नंतर कळलं. आधी कसं कळणार होतं?

त्या घरात आम्ही आणखी सात वर्षं राहिलो. वहिनी आल्या नाहीत. भाऊ दोन वर्षं जुबैलला खोलीत राहिले आणि कायमचे गेले. कपाट न्यायला आले तेव्हा चहा प्यायले, वहिनीने सलाम सांगितलाय म्हणाले. ते गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच, की तू फोनवर हो म्हटली असतीस तर म्हातारी बोलली असती का. मी म्हटलं, नाही, बोलली नसती. ते म्हणाले, तुला तेव्हा माहीत होतं? मी म्हटलं, होतं. त्यांनी कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. मी तो धुतला.